अठरा वर्षांची झाडलोट

गिरणी बंद पडली की आधी भंगारवाला येतो. साचे, मोटारी, बॉयलर वजनावर जातात. मग छपराचे पत्रे आणि सागवानी तुळया. शेवटी उरते जमीन, आणि तिच्यासाठी वेगळी माणसे येतात. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावात हा क्रम इतक्या वेळा घडला, की लालबाग-परळच्या दोन पिढ्यांना तो पाठ आहे.

जपानच्या गुन्मा प्रांतात टोमिओका नावाचे गाव आहे. तिथली गिरणी ५ मार्च १९८७ रोजी बंद झाली. ती कापडाची नव्हती, रेशमाची होती. शेतकऱ्यांकडून कोष घ्यायचे, गरम पाण्यात सोडायचे, त्यांचा धागा काढून लडी बांधायच्या आणि पुढे विणकरांकडे धाडायच्या, हे काम तिथे जवळपास ११५ वर्षे एकाच इमारतीत चालले होते. बंद झाल्यावर तिथे भंगारवाला आला नाही. मालक कंपनीने शेवटची यंत्रे जागच्या जागी ठेवली आणि मोजकी माणसे मागे ठेवली. गवत काढायचे, फुटकी कौले बदलायची, गळती शोधायची, हे त्यांचे काम. गिरणीतून एका येनचेही उत्पन्न नव्हते. तरी ही झाडलोट १८ वर्षे चालली.

आज टोमिओकाची गिरणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि तिच्या तीन इमारतींना जपान सरकारने राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. मात्र सरकारी शिक्के आले ते सगळ्यात शेवटी. शिक्का मारण्याजोगे काहीतरी तोवर उभे राहिले, त्याचे श्रेय त्या १८ वर्षांना आहे. थोडे श्रेय आणखी मागे, १८७१ साली छपराची कैची कशी बांधायची हे ठरवणाऱ्यांनाही द्यावे लागते.

विटांची भिंत, लाकडाचा सांगाडा

टोमिओका टोक्योच्या वायव्येला सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. शिंकान्सेन ताकासाकीला सोडते. तिथून जोशिन कंपनीची छोटी लोकल शेतांमधून, घरांच्या परसांना घासून जात गावात पोहोचते. ही लाइन पुढे शिमोनिताला संपते. जाड पातीच्या कांद्यासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव गिरणीच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे. टोमिओकाच्या स्टेशनची नवी इमारतही विटांचीच आहे. तिथून पंधरा मिनिटे चालले की रस्ता सरळ एका लांबलचक लाल भिंतीसमोर येऊन थांबतो.

ही पूर्वेकडची कोष कोठी. लांबी १०४ मीटर, दोन मजले, माथ्यावर राखाडी जपानी कौले. मधोमध कमानीचे दार आहे आणि कमानीच्या कळीच्या दगडावर ‘मेइजी ५’ असे बांधकामाचे साल कोरलेले आहे. इसवी सनाच्या हिशेबात ते १८७२. कमानीतून आत गेले की मोठे पटांगण लागते. पलीकडे अगदी तशीच पश्चिमेची कोठी आणि दक्षिणेला १४० मीटर लांबीची धागा काढण्याची शाळा, म्हणजे कामाची शेड. गिरणगावात ‘साळखाते’ म्हणत तसे हे इथले मुख्य खाते. त्याच्या मागे कडा आहे आणि कड्याखाली काबुरा नदी.

भिंतीजवळ उभे राहून पाहिले तर विटा एका रंगाच्या नाहीत. कुठे गडद, जवळजवळ करपलेली, कुठे फिकट नारिंगी. एकाच थरात एक वीट लांबीने बसवलेली, तिच्या शेजारची रुंदीने, पुन्हा लांबीने. ठरावीक अंतरावर भिंतीत लाकडी खांब दिसतो, आणि इथे या इमारतीचे मर्म आहे. वजन विटांवर नाही. छपर, माळा, सगळा भार लाकडी सांगाडा पेलतो; विटा फक्त दोन खांबांमधली जागा भरतात. सांगाडा जपानी सुताराच्या ओळखीचा, विटा फ्रेंचांच्या ओळखीच्या आणि वर पुन्हा जपानी कौले. दोन देशांच्या गवंड्या-सुतारांनी आपापल्याला येते ते केले आणि त्याची एक इमारत झाली.

आराखडा ऑग्युस्त बास्तियां या फ्रेंच माणसाचा. तो योकोसुकाच्या जहाजबांधणी कारखान्यात नोकरीला होता. अवघ्या दोन महिन्यांच्या आत त्याने नकाशे काढून दिले. पुढचा प्रश्न सामानाचा होता. त्या भागात विटा कोणी भाजल्या नव्हत्या आणि सिमेंट मिळत नव्हते. सामानाची जबाबदारी ओदाका आत्सुतादा यांच्यावर होती. ते फुकायाचे, आणि त्या मुलखात कौले भाजणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांना आणून शेजारच्या कानरा भागात भट्ट्या लावल्या. फ्रेंचांनी वीट कशी असते ते सांगायचे आणि कौलवाल्यांनी मातीचा अंदाज घेत भाजायची, असे ते काम झाले. भिंतीतल्या काही विटांवर या कारागिरांच्या घराण्यांचे शिक्के अजून वाचता येतात. सिमेंटच्या जागी चुना वापरला तो शिमोनिताचा. खांबांसाठी म्योगी डोंगरातले सुरूसारखे उंच देवदार तोडले. ते तोडले तर डोंगरातला तेंगू, म्हणजे लांब नाकाचा तिथला राखणदार, कोपेल म्हणून गावकरी अडून बसले होते आणि ओदाकांना त्यांची समजूत काढावी लागली, अशी आठवण तिकडे सांगतात. खिडक्यांच्या काचा आणि बिजागऱ्या मात्र बोटीने फ्रान्सहून आल्या.

रोगट अळी आणि बदनाम धागा

या गिरणीसाठी एवढा खटाटोप जपान सरकारने का केला, याचे उत्तर युरोपातल्या एका रोगात आहे. १८५० च्या दशकापासून फ्रान्स-इटलीतल्या रेशीम अळ्यांना पेब्रिन नावाच्या रोगाने ग्रासले. लुई पाश्चरसारख्या शास्त्रज्ञाला त्याच्या मागे लागावे लागले, इतका तो मोठा होता. नेमके १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. लिआँचे विणकर धाग्यावाचून बसलेले आणि जपानच्या खेड्याखेड्यांत घरोघरी हातरहाटावर धागा निघत होता. योकोहामातून रेशमाचा पूर वाहू लागला.

मागणी वाढली तसा माल घसरला. घराघरात काढलेला धागा कुठे जाड, कुठे बारीक. एकाच लडीत वर चांगला आणि आत हलका माल घालणारेही होतेच. युरोपातल्या यंत्रमागांना सारख्या जाडीचा धागा लागतो. तो तुटला की माग थांबतो. तक्रारी आल्या, भाव पडला. परदेशी व्यापारी म्हणू लागले की आम्हीच इथे गिरण्या काढतो. नव्या मेइजी सरकारला ते नको होते. १८७० मध्ये सरकारनेच एक नमुन्याची गिरणी काढायचे ठरवले. धागा विकणे हा त्यातला एक भाग. देशभरच्या मुलींनी तिथे यावे, शिकावे आणि आपापल्या गावी जाऊन शिकवावे, हा खरा बेत होता.

मुंबईत कावसजी दावरांची पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. ती व्यापाऱ्याने नफ्यासाठी काढलेली होती आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या तशाच होत्या. टोमिओकाची सुरुवात शाळा म्हणून झाली. हा फरक पुढे तिच्या आयुष्यात पुन:पुन्हा डोके वर काढतो.

सरकारच्या बाजूने हे प्रकरण शिबुसावा एइइची यांनी पुढे रेटले. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचाच चेहरा आहे. ते स्वत: रेशीम पिकवणाऱ्या शेतकरी कुटुंबातले, म्हणून कोष, तुती, भाव हे त्यांना घरातलेच विषय. ओदाका हे त्यांचे नातलग आणि लहानपणचे गुरू. परदेशी सल्लागार म्हणून योकोहामातल्या एका पेढीत रेशमाची पारख करणारा पॉल ब्रुना नेमला गेला. त्याने मुलूख हिंडून टोमिओका निवडले. आसपास कोष पिकतात, पाणी भरपूर, जवळ कोळसा, मोठी सपाट जमीन मोकळी, आणि परक्यांच्या गिरणीला गावकऱ्यांची हरकत नाही, अशी पाच कारणे एकत्र जुळत होती.

रक्त पिणारे फ्रेंच

१८७२ मध्ये इमारती उभ्या राहिल्या, फ्रान्सहून यंत्रे आली, शिकवायला फ्रेंच कारागीर बायकाही आल्या. कामाला मात्र कोणी मुलगी येईना. ब्रुना आणि मंडळी जेवताना लाल वाइन पीत. परके लोक तरण्या मुलींचे रक्त पितात अशी बोलवा उठली. शेवटी ओदाकांनी, जे आता गिरणीचे पहिले प्रमुख होते, आपली चौदा वर्षांची मुलगी यू हिला पहिली कामगार म्हणून दाखल केले. मग सरकारी हुकूम आणि घरोघरची भीड यांतून मुली येऊ लागल्या. त्यांत बऱ्याच जणी सामुराई घराण्यांतल्या होत्या. सत्ताबदलात या घराण्यांचे वेतन आणि मान दोन्ही गेले होते.

यातलीच एक वादा एई. १८७३ मध्ये नागानोच्या मात्सुशिरो गावाहून सोळा मुलींच्या गटाबरोबर ती आली. तेव्हाचे तिचे माहेरचे आडनाव योकोता. उतारवयात तिने या दिवसांच्या आठवणी लिहिल्या आणि त्या ‘टोमिओका दैनंदिनी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. आधी नुसते कोष निवडण्याचे कंटाळवाणे काम, त्यात मान वर करायची सोय नाही. मग धागा काढायला बसायची संधी. कोणाला आधी बढती मिळाली यावरून रुसवे. हॉस्टेलमध्ये राहिलेल्या कोणालाही हे जग ओळखीचे वाटेल. वर्षभराने ती परतली आणि गावाकडे निघालेल्या नव्या गिरणीत शिक्षिका झाली. सरकारचा बेत असा माणसामाणसांतून पुढे सरकला.

त्या मुली करत काय, हे कळायला एक कोष हातात घ्यावा लागतो. मराठवाड्यात तुती लावून रेशीम अळ्या पोसणाऱ्या आणि जालन्याच्या बाजारात कोष नेणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. अळीने तोंडातून सोडलेला एकच अखंड तंतू स्वत:भोवती गुंडाळलेला असतो. आजच्या चांगल्या कोषात तो हजार मीटरहून लांब भरतो. आतल्या कोषकिड्याचा पतंग झाला तर तो कोष फोडून बाहेर येतो आणि तंतूचे तुकडे होतात. म्हणून कोष आधी उष्णतेने वाळवायचे. मग गरम पाण्यात सोडले की तंतूंना चिकटवून ठेवणारा डिंक सैल होतो. ब्रशने हलके घोळवत राहिले की टोक सापडते. एकटा तंतू डोळ्यांना नीट दिसतही नाही, म्हणून चार-पाच कोषांची टोके एकत्र धरून ती फाळक्यावर चढवायची. फिरता फिरता एखादा कोष संपतो. तो संपला हे पाहून त्याच क्षणी नव्या कोषाचे टोक त्यात सोडायचे, नाहीतर धागा बारीक पडतो. सारे कसब या एका नजरेत. वाफेने कोंदलेल्या शाळेत उकडलेल्या किड्यांचा वास दिवसभर नाकात भरलेला असे.

अशा ३०० चुली, म्हणजे गरम पाण्याच्या ३०० कढया, ओळीने मांडलेल्या. त्या काळी जगात एवढी मोठी रेशमाची गिरणी क्वचितच होती. यंत्रे फ्रेंच असली तरी जशीच्या तशी नव्हती. जपानी मुलींच्या उंचीला बेतून त्यांची घडण बदलली होती. शिवाय जपानची हवा दमट. फाळक्यावरचा ओला धागा लवकर सुकत नाही आणि एकमेकाला चिकटतो. त्यावर उपाय म्हणून आधी लहान फाळक्यावर गुंडाळायचा आणि नंतर मोठ्यावर पुन्हा उलगडून घ्यायचा, अशी जोड दिली गेली.

कोठ्या एवढ्या अवाढव्य का, याचेही उत्तर कोषातच आहे. तेव्हा मुख्य पीक वर्षातून एकदाच, वसंतात येई. वर्षभर गिरणी चालवायची तर बारा महिन्यांचे कोष एकदम विकत घेऊन कोरडे ठेवायला हवेत. म्हणून शंभर-शंभर मीटरच्या दोन कोठ्या आणि वरच्या मजल्याला वारा खेळावा म्हणून ओळीने खिडक्या.

कामाचे तास दिवसाला सरासरी आठाच्या आत. रविवारी सुट्टी, राहायला खोल्या, आवारात डॉक्टर. विजेचे दिवे नसल्याने उजेड असेतोवरच काम. हे चित्र छान वाटले तरी साऱ्या जपानी रेशमाचे नव्हे. टोमिओकात शिकलेले तंत्र घेऊन सुवा आणि ओकाया भागात ज्या खासगी गिरण्या निघाल्या, तिथे गरीब घरच्या मुली बारा तासांहून जास्त राबत आणि त्यांच्या हालांच्या कहाण्या जपानमध्ये अजून सांगितल्या जातात. १९०९ मध्ये जपानने कच्च्या रेशमाच्या निर्यातीत चीनला मागे टाकले, त्यात त्या मुलींचा वाटा मोठा होता.

कैचीखालची मोकळी जागा

ब्रुनाचा करार १८७५ च्या अखेरीस संपला आणि फ्रेंच मंडळी परतली. व्हिएन्नाच्या १८७३ च्या जागतिक प्रदर्शनात टोमिओकाच्या धाग्याला दुसऱ्या श्रेणीचे पदक मिळाले होते, पण हिशेबाच्या वहीत गिरणी बऱ्याच वर्षी तोट्यातच. सरकारने ती विकायला काढली तर एवढी मोठी गिरणी घ्यायला कोणाची ऐपत नाही. १८९१ चा लिलाव फसला. १८९३ मध्ये मित्सुईने घेतली, १९०२ मध्ये योकोहामाच्या हारा कंपनीकडे गेली आणि १९३९ मध्ये काताकुरा या रेशीम उद्योगातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एकाकडे आली.

मालक तीनदा बदलले, यंत्रे त्याहून अधिक वेळा. फ्रेंच यंत्रावर एक मुलगी दोन धागे सांभाळी. पुढच्या पिढीच्या यंत्रांवर वीस-वीस धागे आले. युद्धानंतर स्वयंचलित यंत्रे आली. त्यांत धागा बारीक पडला की यंत्रच ते ओळखते आणि नवा कोष आणून सोडते. यू किंवा एई जी नजर कमवायला महिने घालवत, ती एका लहानशा पट्टीत बसवली गेली. शेवटची यंत्रे निसान कंपनीच्या बनावटीची, तीच मोटारी बनवणारी निसान. १९७४ साली गिरणीने सुमारे ३७३ टन धागा काढला. तिच्या आयुष्यातला तो उच्चांक.

आता इतक्यांदा यंत्रे बदलली की सहसा इमारतही पाडतात. मधले खांब आड येतात, छत बुटके पडते. टोमिओकात तसे झाले नाही, कारण बास्तियांने छपर तिकोनी कैच्यांवर पेलले होते. त्या काळच्या जपानी बांधकामात लांबरुंद छपराखाली मध्ये खांब असायचेच. कैचीत वजन दोन्ही बाजूंच्या भिंतींतल्या खांबांवर उतरते आणि बारा मीटर रुंदीच्या शाळेत मधे एकही खांब उरत नाही. माथ्यावर वाफ जायला दुसरे छोटे छप्पर, दोन्ही अंगांना उजेडासाठी मोठ्या खिडक्या. १८७२ च्या ३०० कढयांसाठी जी जागा सोडली, तिच्यात १९६० नंतरची यंत्रेही सहज मावली. विजेचे दिवे वरून टांगले गेले, मोटारी आल्या, जमीन बदलली. कैच्यांना हात लावायची वेळ आली नाही.

कोष पुरवणारे शेतकरीही याच काळात बदलले. शिमोनिताच्या डोंगरात आराफुने येथे दगडांच्या फटींतून उन्हाळ्यातही गार वारा येतो. तिथे अंडी साठवून हवी तेव्हा उबवण्याची सोय झाली आणि वर्षातून एकाच्या जागी अनेक पिके निघू लागली. हारांच्या काळात गिरणीने शेतकऱ्यांना निवडक अंडीपुंज देऊन सगळ्यांचे कोष एकसारखे येतील असे पाहिले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संकरित जाती आल्या. हा धागा भारतापर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमशेटजी टाटांनी जपानी जाणकारांच्या मदतीने बंगळूरला रेशीम फार्म काढला होता. १९९० च्या दशकात जपानच्या तांत्रिक साहाय्याने कर्नाटकात बायव्होल्टाईन, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या देणारे, संकर रुजले आणि त्याच वाणांचे पांढरे कोष आज जालना-बीडच्या शेडमध्ये तयार होतात.

तीन ‘नाही’

१९८० च्या दशकात किमोनो रोजच्या वापरातून गेला होता आणि चीनचा धागा स्वस्त पडत होता. गुन्माचे शेतकरी तुती उपटून दुसरे काही लावत होते. काताकुराने टोमिओका बंद केली. बंद करताना कंपनीने जे धोरण धरले ते जपानमध्ये तीन छोट्या वाक्यांत सांगतात: विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, पाडायची नाही.

हे बोलायला सोपे. लाकूड आणि विटांची १४० मीटरची इमारत रिकामी ठेवली की पहिल्या पावसाळ्यातच एखादे कौल सरकते. पाणी वाशावर येते, वाशातून तुळईत, आणि पाच वर्षांत कैची झुकते. वापरातल्या इमारतीत गळती दिसते कारण खाली माणूस बसलेला असतो. रिकाम्या इमारतीत ती शोधत हिंडावे लागते. काताकुराने हा खर्च उचलला, काही वर्षी तो दहा कोटी येनपर्यंत गेला असे सांगितले जाते. जमिनीवरचा कर वेगळा. भागधारकांना दाखवायला या खर्चासमोर जमेचा एक आकडा नव्हता.

कंपनी साधुसंतांची होती असेही नाही. याच काताकुराची सायतामातली ओमिया गिरणी बंद झाली आणि तिच्या जागी शॉपिंग सेंटर आले. नाव ‘ककून सिटी’, म्हणजे कोषनगरी. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला आणि चिमणी तेवढी शोभेला उरली, त्याची ही सख्खी बहीण. म्हणजे एकाच मालकाने एका गिरणीची जमीन बाजारात आणली आणि दुसरी राखली. टोमिओकाची जमीन टोक्योच्या उपनगरासारखी सोन्याच्या भावाची नव्हती, हे खरे. पण मोडीत काढून खर्च वाचवणे तिथेही शक्य होते.

मुंबईत मालकांना असा खर्च करायला कोणतेच कारण नव्हते, उलट नियमच दुसऱ्या बाजूला ओढत होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे केले: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनंतर ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू राहिली. कामाच्या शेड, गोदामे पाडून निघालेली जमीन मालकाकडे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. गिरणीची इमारत म्हणजे चटईक्षेत्राचा आकडा, असा अर्थ झाल्यावर कौले कोण शाकारणार? काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेचे वस्त्रोद्योग संग्रहालय आकार घेत राहिले आहे ते या पडझडीतून वाचलेल्या तुकड्यावर.

कोणते साल जपायचे

२००३ मध्ये गुन्मा प्रांताच्या गव्हर्नरांनी टोमिओकाला जागतिक वारसा यादीत नेण्याची घोषणा केली आणि चक्रे फिरली. २००५ मध्ये जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली, त्याच वर्षी काताकुराने इमारती गावाच्या नगरपालिकेला देऊन टाकल्या आणि पुढच्या वर्षी जमीन पालिकेने विकत घेतली. झाडलोट खासगी खिशातून सरकारी अंदाजपत्रकात आली.

फेब्रुवारी २०१४ मध्ये गुन्मात अपूर्व बर्फ पडला. त्याच्या भाराने आवारातला कोष वाळवण्याच्या जागेचा भाग कोसळला. चारच महिन्यांनी, जूनमध्ये, दोहाच्या बैठकीत युनेस्कोने शिक्कामोर्तब केले. यादीत गिरणी एकटी नाही. आराफुनेची थंड कोठारे, ताजिमा याहेई यांचे हवेशीर छपराचे अळीघर आणि ताकायामाशा ही रेशीमपालनाची शाळाही तिच्याबरोबर आहे. डिसेंबरमध्ये गिरणीच्या दोन्ही कोठ्या आणि धागा काढण्याची मुख्य शाळा राष्ट्रीय ठेवा ठरल्या. त्या आर्थिक वर्षात १३ लाखांहून अधिक माणसे आली. अरुंद रस्त्यांच्या गावात बस लावायला जागा पुरेना. मग नवलाई ओसरली तशी गर्दीही ओसरली. तिकिटाच्या पैशांवर दुरुस्त्यांचा हिशेब बसवणाऱ्या पालिकेला तेव्हापासून हात आखडून चालावे लागते.

दुरुस्ती करणाऱ्यांपुढे एक अवघड प्रश्न होता. गिरणी ११५ वर्षे चालली; मग तिचे कुठले रूप परत आणायचे? १८७२ चे म्हटले तर नंतरचे दिवे, पंखे, कठडे, फळ्या उखडाव्या लागतील. आणि त्या सालाची यंत्रे आता तिथे नाहीतच. फ्रेंच यंत्रांपैकी दोन कढयांचा भाग ओकायाच्या रेशीम संग्रहालयात आहे, ब्रुनाने आणलेले वाफेचे इंजिन आइची प्रांतातल्या मेइजी-मुरा या उघड्यावरच्या संग्रहालयात. टोमिओकात पाहायला मिळते ती इंजिनाची स्थानिक कारखान्यांनी मिळून बनवलेली चालती प्रतिकृती.

पश्चिमेच्या कोठीत, जी वर्षानुवर्षांच्या कामानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये उघडली, उत्तर असे दिले गेले: पाया धरायचा तो १९७० च्या दशकातल्या भरभराटीचा. त्यामुळे भिंतींचे उखडलेले पोपडे, कामगारांनी वारा अडवायला चिकटवलेली वर्तमानपत्रे, पेन्सिलीने लिहिलेले आकडे तसेच राहिले. खालच्या मजल्यावर सभागृह हवे होते आणि भूकंपासाठी बळकटीही. म्हणून जुन्या भिंतींच्या आत पोलादी चौकटीची काचेची खोली उभी केली. ती चौकट इमारतीला आधार देते आणि काचेच्या छतातून वरच्या जुन्या तुळया दिसतात. लाकडाला खिळा मारायचे टळले. उद्या कोणाला नको वाटली तर ती खोली काढताही येईल.

मुख्य शाळेत निसानची यंत्रे प्लास्टिकखाली ओळीने उभी आहेत आणि पाहुणे दोरीपलीकडून पाहतात. कढईत कोष टाकून धागा काढण्याचे प्रात्यक्षिक वेगळ्या जागी होते. ही यंत्रे पुन्हा चालवायची का, हा प्रश्न तिथे अधूनमधून निघतो. त्यासाठी वाफ हवी, सुटे भाग हवेत आणि यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा फिटर हवा. असे फिटर सापडतील तर शेजारच्या अन्नाकात. जपानमध्ये यंत्रावर धागा काढणाऱ्या ज्या मोजक्या गिरण्या उरल्या, त्यांतली उसुई सेइशी तिथे आहे आणि तिच्याकडे स्वयंचलित यंत्रे रोज चालतात. गुन्मात कोष पिकवणारी कुटुंबे मात्र झपाट्याने कमी होत आहेत. त्यांना टिकवण्यासाठी प्रांत आणि पालिका मदत देतात, आणि टोमिओका रेशीम या नावाने तिथले रुमाल, साबण, टाय गिरणीच्या दुकानात विकायला ठेवलेले असतात.